न विचारता ओ देणारी खोली

उतेकर साहेब फोन उचलला की आधी खोलीत कोण कोण आहे ते सांगायचे. "उतेकर बोलतोय. समोर शेटेबाई बसल्यात, दारात चहावाला उभा आहे. बोला." पलीकडचा माणूस गडबडायचा. कित्येकदा "नंतर करतो" म्हणून फोन ठेवूनच द्यायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "हे दर वेळी कशाला?"

"त्याला वाटतं तो एकट्या माझ्याशी बोलतोय," ते म्हणाले. "ऐकताय मात्र तुम्हीही. त्याला कळायला नको?"

आमची रसायनांची कंपनी महाडच्या एमआयडीसीत होती. मी लॅबमध्ये केमिस्ट. माझं घर महाड गावात, त्यामुळे सकाळची बस पकडून जायचं आणि संध्याकाळी परत. उतेकर बिरवाडीत भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. त्यांचं मूळ घर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत. बायको आणि म्हातारी आई तिथे. दर शनिवारी ते वर जायचे आणि सोमवारी उतरायचे. शिक्षण मुंबईत झालेलं, इलेक्ट्रॉनिक्सचं. वडील मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर होते. "बाबांनी आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली, पण कधी कान लावला नाही," असं ते अभिमानाने सांगायचे. खरं किती ते देव जाणे, पण मुलाचा त्यावर विश्वास होता.

दिसायला उंच, थोडे वाकलेले. शर्टाला इस्त्री अशी कडक, की बाहीची घडी बोटाला लागेल. खिशात कंगवा, आणि केसांची काळजी एखाद्या नटासारखी. कंपनीत ते फारसे कोणाला आवडत नव्हते. कॅन्टीनमध्ये गैरहजर माणसाबद्दल कोणी बोलायला लागलं की हे डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. बिरड्याची वाटी अर्धी राहिली असली तरी जायचे. बोलणाऱ्याला ते थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. कॉम्प्युटरवर बसले असताना मागे कोणी उभं राहिलं तर हात थांबायचे. "पाठीमागे नको. बाजूला खुर्ची आहे, बसा आणि बघा." जनरल मॅनेजर दीक्षितांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, तेव्हा सगळ्या ऑफिसने श्वास रोखला होता.

दोन हजार सालानंतर एकदोन वर्षांत कंपनीने व्हिडिओ कॉन्फरन्स घेतली. तोवर दर आठवड्याला आमचे अधिकारी हायवेने मुंबईला जायचे, अर्धा दिवस गाडीत घालवायचे आणि शिव्या खाऊन परत यायचे. आता शिव्या इथेच बसून खाता येणार होत्या. मुंबईचं हेड ऑफिस, गुजरातमधला कारखाना आणि आमचा, अशा तीन ठिकाणच्या खोल्या एकमेकींना जोडायच्या होत्या. ह्या सगळ्यांच्या मधे एक कॉल सर्व्हर लागतो. तो आमच्याकडे बसवला, कारण आमचा जनरेटर कधी दगा देत नसे. कंपनीचे फोन आणि कॉम्प्युटर उतेकरच बघायचे, तेव्हा अर्थातच तो त्यांच्या ताब्यात आला.

कॉन्फरन्स रूमच्या मागे काचेची एक थंडगार खोली केली होती. तिथे ते आठवडाभर सर्व्हरची सेटिंग लावत बसले होते. मी पाण्याचे रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा. बघायचंय?"

मला त्यातलं काही कळणार नाही, असं मी म्हटलं.

"कळण्यासारखं काय आहे? गावात कसं असतं? एक हाक मारतो, दुसरा ओ देतो. इथे लिहून ठेवायचं, कोणती खोली कोणत्या खोलीला हाक मारू शकते. हाक आली की बेल वाजायची की नाही. ओ माणसाने द्यायची, की खोलीने आपली आपणच द्यायची."

"खोली आपली आपण कशी ओ देईल?"

"तशी सोय आहे," ते म्हणाले. "साहेब लोकांना रिमोट सापडत नाही म्हणून ठेवलेली. मी ती सगळीकडे बंद केली आहे."

एकूण दोन यंत्रं आमच्या वाट्याला आली. एक कॉन्फरन्स रूममध्ये आणि एक कॅन्टीनच्या वरच्या ट्रेनिंग रूममध्ये. टीव्ही, आणि टीव्हीवर बसवलेला, मान वळवणारा कॅमेरा. काम नसलं की तो कॅमेरा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा. कॉल आला की वळून समोर बघायचा. पहिले काही दिवस बायका त्याला पाहून हसायच्या. आमची झाडूवाली म्हणायची, "रुसलाय गो बाय ह्यो. तोंड दाखवीत नाय."

त्याच वर्षी तिसऱ्या ब्लॉकचा वास सुरू झाला. संध्याकाळी वारा पडला की कुजलेल्या लसणासारखा वास जमिनीलगत पसरायचा आणि लॅबच्या खिडकीतून आत यायचा. वायू धुऊन काढणारी तिथली यंत्रणा धड चालत नव्हती. हे आम्हाला ठाऊक होतं, आणि वर कळवलेलंही होतं. मग दासगावचा एक ऑपरेटर ब्लॉकच्या जिन्यावर चक्कर येऊन पडला. तो उपाशी पोटी कामावर आला होता, असं सांगण्यात आलं. त्याच्या बायकोने तर सकाळी स्वतः त्याला भाकरी वाढली होती.

कामगारांची एक सेफ्टी कमिटी होती. लॅबतर्फे मी तिच्यात होते. पहिली पाळी सुटली की ट्रेनिंग रूममध्ये बैठक व्हायची आणि तिथे साहेब लोक नसत, म्हणून लोक मोकळं बोलत. त्या प्रकारानंतरच्या बैठकीत कदम नावाचा जुना फिटर उसळून म्हणाला, "फॅक्टरी इन्स्पेक्टरला मी गेटावरनं हाताला धरून आत आणीन." सगळ्यांनी टेबल वाजवलं.

दुसऱ्या दिवशी कदमला पर्सोनेलमध्ये बोलावलं. समोर बदलीचा कागद ठेवला, गुजरातचा, आणि पर्सोनेलचा अधिकारी हसून म्हणाला, "काय कदम, गेटावरनं हाताला धरून कोणाला आणणार होतास?"

शब्दाला शब्द तेच. कदम बाहेर आला तो पांढराफटक पडला होता.

पुढच्या बैठकीनंतर आणखी एकाचं तसंच झालं. खोलीत आम्ही जेमतेम डझनभर माणसं होतो, म्हणजे सांगणारा आमच्यातलाच. शोधायला वेळ लागला नाही. बाळाराम सकपाळ हा तिसऱ्या ब्लॉकचा ऑपरेटर, गरीब स्वभावाचा, बैठकीत कधी तोंड न उघडणारा. त्याचा चुलतभाऊ दीक्षितांची गाडी चालवायचा. एवढं पुरलं. कोणी त्याच्याशी बोलेनासं झालं. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

बाळाराम बिरवाडीत उतेकरांच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. मधे एक पातळ भिंत. एका सकाळी उतेकर लॅबमध्ये येऊन बसले. शर्टाला इस्त्री नव्हती. मी पहिल्यांदाच तसं पाहत होते.

"सकपाळ आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "म्हणतो, साहेब, तुमी शिकलेले हाव, तुमी सांगा त्यांना. मी नाय हो काय सांगितलं. बायको नळावं गेली की बाया हंडे उचलून चालू लागतात. पोरांना कोण खेळायला घेत नाय." मग म्हणाले, "काल कोणीतरी त्याच्या दारात मेलेला उंदीर टाकला. त्याची बायको रडत नाही, बाई. भांडी घासत बसते. सारखी भांडी घासत बसते."

त्यानंतर काही दिवसांनी मला नव्या ऑपरेटरांना रसायनं हाताळण्याचं शिकवायचं होतं. ट्रेनिंग रूमचा पडदा लावून द्यायला उतेकर आले. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांना महाडच्या बाजारातल्या भाज्यांबद्दल काहीतरी सांगत होते. टीव्ही बंद होता आणि कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

बोलता बोलता मला बारीक घरघर ऐकू आली. कॅमेऱ्याने मान वळवली होती. सावकाश वळत तो समोर आला, थोडा खाली झुकला आणि आमच्याकडे बघत थांबला. टीव्ही बंदच. बेल नाही, आवाज नाही. मग त्याने खोलीतून एकदा नजर फिरवली, दारापासून खिडकीपर्यंत. रिकाम्या खुर्च्यांवरून तो हळूहळू परत आमच्यावर आला.

उतेकरांनी ओठावर बोट ठेवलं, माझी पिशवी उचलली आणि मला बाहेर नेलं. जिन्यापर्यंत ते बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आत आपण काय बोलत होतो?"

"भेंडीबद्दल."

"मग ठीक आहे."

त्यांनी सर्व्हर उघडून पाहिला. ट्रेनिंग रूमचं सेटिंग बदललेलं होतं. हाक आली की खोली आपली आपण ओ देणार. बेल बंद, टीव्ही झोपलेला, माइक उघडा. बैठकीत सगळे त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचे, गलक्यात ती घरघर कोणाच्या कानी जाणार? आणि मुंबईच्या खोलीला एक खास सवलत दिलेली होती, स्वतःचं चित्र न पाठवता समोरचं बघण्याची. मुंबईलाही सर्व्हरचा पासवर्ड होता, तिथून कोणीतरी हे केलं होतं. उतेकरांनी सगळं पूर्ववत केलं. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा बदललेलं होतं. त्यांनी परत नीट केलं, परत बदललं गेलं. असं चार-पाच वेळा झालं. पलीकडच्या माणसाने एकदाही फोन केला नाही, विचारलं नाही. "कोण आहे ते माहीत नाही," उतेकर म्हणाले, "पण मी बदलल्याचं त्याला कळतं आणि त्याचं मला. रोज आम्ही एकमेकांना नमस्कार करावा तसं चाललंय." हे सांगताना ते हसले.

ते दीक्षितांकडे गेले. दीक्षितांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वरून आलंय, उतेकर. तुम्ही पाहिलं नाहीत आणि मीही पाहिलं नाही. तुमची आई आजारी असते ना?" बाहेर आल्यावर उतेकरांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, "कामगारांना सांगून टाका. निदान सकपाळ तरी सुटेल."

"सांगितलं तर ते यंत्र फोडतील. मग पोलीस येतील, पाचदहा जण आत जातील. आणि सकपाळबद्दल कोणी मानणारच नाही. म्हणतील, शेजारी आहे, वाचवतोय. ऐकून कोणी मानत नाही, बाई. दिसायला हवं." त्या दिवसांत ते सारखे ओव्याचं पाणी प्यायचे. ते घाबरले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

सोमवारच्या कॉन्फरन्सला मी लॅबचे आकडे सांगायला हजर होते. मुंबईहून व्हाइस प्रेसिडेंट, इथे दीक्षित आणि आम्ही. सगळं उरकल्यावर आणखी काही आहे का, असं विचारण्यात आलं. उतेकर उठले, आणि इंग्रजीत, अतिशय कंटाळवाण्या आवाजात त्यांनी सांगितलं की कॉल सर्व्हरच्या पॉलिसीत ते एकसूत्रता आणत आहेत. सर्व एंडपॉइंटना, म्हणजे सगळ्या खोल्यांना, समान नियम राहील, येणाऱ्या कॉलची सूचना ध्वनीने मिळेल, दोन्ही बाजूंचं चित्र अनिवार्य असेल आणि सुरक्षेसाठी पासवर्डही बदलला जाईल. व्हाइस प्रेसिडेंट कागद गोळा करत होते. "फाइन, फाइन," ते म्हणाले. दीक्षितांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर आल्यावर उतेकर म्हणाले, "सांगितलं. सगळ्यांदेखत सांगितलं."

त्याच आठवड्यात कमिटीची बैठक होती. दीक्षित त्या दिवशी रजेवर होते, मुंबईला दातांच्या डॉक्टरकडे. उतेकर माइक दुरुस्त करायचं निमित्त करून आले आणि दाराजवळ उभे राहिले. बैठक सुरू झाली खरी, पण वासाबद्दल कोणी बोलेना. सगळ्यांच्या नजरा बाळारामवर होत्या. शेवटी मोरे नावाचा तरणा गडी उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीतून उभा केला.

"आज सांग रे. सगळ्यांसमोर सांग. वर कोण सांगतो?"

"मी नाय रे. पोरांची शपथ, मी नाय."

"मग काय भुतं सांगतात?"

मी उतेकरांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. कॅमेरा पाठमोराच होता. मोरेने हात उगारला. कोणी मधे पडत नव्हतं, आणि उतेकर एक पाऊल पुढे आले.

तेवढ्यात बेल वाजली.

ती बेल एवढी मोठी होती की एक जण खुर्चीसकट मागे सरकला. कॅमेऱ्याने मान वळवली. खोलीने आपली आपण ओ दिली, टीव्ही उजळला, आणि पडद्यावर मुंबईची खोली दिसू लागली. लांब टेबल, चहाचे कप, बिस्किटांची बशी. व्हाइस प्रेसिडेंट बाह्या दुमडून आरामात मागे रेललेले. त्यांच्या शेजारी तिथल्या पर्सोनेलचा अधिकारी, हातात पेन. आणि टेबलाच्या टोकाला आमचे दीक्षित, ज्यांचे दात दुखत होते.

आपण दिसतो आहोत, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. काही क्षण ते तसेच बसून राहिले, किंचित पुढे झुकून, कान देऊन, नाटक बघायला बसल्यासारखे. व्हाइस प्रेसिडेंटनी एक बिस्कीट उचललं. मोरेचा उगारलेला हात तसाच वर होता. मग पर्सोनेलच्या माणसाने स्वतःच्या पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा पाहिला असावा. त्याने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. दीक्षितांनी हातातल्या फाइलने चेहरा झाकला. कोणीतरी उठलं, खुर्ची पडली, आणि पडदा काळा झाला.

खालून कॅन्टीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"सोड," बाळाराम म्हणाला. मोरेने कॉलर सोडली. बाळाराम खाली बसला, चुरगळलेली कॉलर सारखी करू लागला, आणि ती सारखी होईना तसे त्याचे डोळे भरून आले.

मग मोरे उतेकरांकडे वळला. "साहेब, तुम्हाला म्हाईत होतं?"

उतेकर खोटं बोलले असते तर निभावलं असतं. "होतं," ते म्हणाले.

"कधीपास्नं?"

"काही दिवस झाले."

"आणि ह्याला आमी जनावरागत वागवीत होतो ते बघत बसलाव तुमी? शेजारी राहून?" मोरेचा आवाज फाटला. "तुमचंच ना ते यंत्र?"

"माझंच," उतेकर म्हणाले.

एक जण त्यांच्या पायाशी थुंकला आणि बाहेर पडला. त्याच्या मागोमाग बाकीचे. बाळारामही गेला. जाताना त्याने उतेकरांकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळेल. काहीच झालं नाही, आणि तेच भयंकर होतं. दीक्षित सगळ्यांशी गोड बोलत होते. महिन्याभरात तिसऱ्या ब्लॉकवर नवी यंत्रणा बसली, कोणाच्या सांगण्यावरून ते कोणी बोललं नाही. वास गेला. कदम मात्र गुजरातहून परत आला नाही. बाळारामच्या बायकोशी नळावरच्या बाया पुन्हा बोलू लागल्या. पण ती बोलेना. थोड्याच दिवसांत त्यांनी सामान बांधलं आणि ते खोली सोडून गेले. कॉल सर्व्हर पेटीत घालून टेम्पोने मुंबईला गेला. ट्रेनिंग रूममधलं यंत्र निघालं, आणि गेटवर, कॅन्टीनमध्ये, जिन्यांवर काळ्या काचेचे छोटे घुमट बसले. ते कोणाचे, कुठून बघतात, उतेकरांनाही सांगण्यात आलं नाही.

त्यांना स्टोअरमध्ये एक खुर्ची दिली, काम दिलं नाही. दिवसभर ते इस्त्रीच्या शर्टात वाल्व्हच्या खोक्यांमध्ये बसायचे. कामगार नमस्कार करायचे, पण जवळ थांबायचे नाहीत. मी जायचे, तर एक दिवस माझ्या साहेबांनी मला हळूच विचारलं, "स्टोअरमध्ये लॅबचं एवढं काय काम असतं?" पावसाळ्याच्या आधी उतेकरांनी राजीनामा दिला. नंतर कळलं की कंपनीची गुप्त माहिती बाहेर दिल्याबद्दल त्यांना वकिलाची नोटीस गेली आहे आणि पोलादपूरच्या बाजूला एक पांढरी जीप त्यांची चौकशी करत फिरते आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर. मी बहिणीकडे महाबळेश्वरला निघाले होते. ते स्टँडसमोरच्या हॉटेलबाहेर बाकावर बसले होते, पायाशी हत्यारांची पिशवी. मोबाइलच्या टॉवरची कामं मिळतात म्हणाले. वाळले होते, पण भांग नीट पाडलेला. मी त्यांच्याजवळ बसले, त्यांनी दोन चहा सांगितले. आईची चौकशी केली. आई गेली, असं ते म्हणाले.

"शेटेबाई, आपण बोललो का, असं तुम्हाला कोणी विचारलं तर हो म्हणा. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"कोण विचारणार आहे?"

त्यांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथे रसवंतीच्या आडोशाला, उन्हात, आमच्याच गेटवरचा सिक्युरिटीचा पवार उभा होता. साध्या कपड्यांत, हातात वर्तमानपत्र. मला पाहून त्याने ते आणखी वर धरलं.

"रोज असतो?"

"आठवड्यातून दोनदा. बिचाऱ्याला बिरवाडीहून यावं लागतं." मग उतेकरांनी तोंडाशी हात धरला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "ओ पवार! तिथं उन्हात कशाला? इथं या, बाकावर जागा आहे. नीट ऐकू तरी येईल."

स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. पवार थोडा वेळ हललाच नाही. मग वर्तमानपत्राची घडी करत, दोन्ही बाजूंना बघत, तो रस्ता ओलांडून आला आणि बाकाच्या टोकाला बसला. उतेकरांनी तिसरा चहा सांगितला. आम्ही तिघं चहा प्यायलो. पवारचे कान लाल झाले होते.

गाडी लागली, मी चढले आणि खिडकी मिळाली. गाडी वळताना पाहिलं, तर पवार मान खाली घालून बशीतला चहा फुंकत होता आणि उतेकर त्याच्याकडे तोंड करून काहीतरी सांगत होते, सावकाश, शब्द न शब्द त्याच्या लक्षात राहील असं.

त्या दिवाळीत मी त्यांच्या वाडीवर एका माणसाकरवी निरोप पाठवला. तो परत येऊन म्हणाला, घराला कुलूप हाय, कुठं गेले ते वाडीत कोणाला म्हाईत नाय.